स्पेनमधील दैनंदिन व्यवहार

स्पेनमधील दैनंदिन व्यवहार : शिक्षण, नोकरी किंवा कुटुंबाच्या निमित्ताने स्पेनमध्ये राहावयास जाणाऱ्या परदेशी व्यक्तीला पहिल्या वर्षभरात ज्या नोंदण्या, सेवा, वेळा आणि रीतिरिवाज यांना सामोरे जावे लागते, त्यांचा परिचय. स्पेनमध्ये १७ स्वायत्त समुदाय आणि सेउता व मेलिया ही दोन स्वायत्त शहरे आहेत. आरोग्य, शिक्षण व दुकानांच्या वेळा यांचा कारभार मुख्यतः समुदायांकडे असल्याने माद्रिदची रीत बार्सेलोनात किंवा सेव्हियात जशीच्या तशी लागू पडत नाही. मात्र दोन गोष्टी देशभर सारख्या आहेत : राहत्या पत्त्याची नोंद केल्यावाचून पुढची कामे अडतात, आणि दिवसाचे वेळापत्रक उर्वरित युरोपच्या मानाने उशिराचे असते. या दोन गोष्टी लवकर अंगवळणी पाडणाऱ्या नवागताचे बस्तान लवकर बसते.

पत्त्याची नोंद : प्रत्येक नगरपालिका आपल्या हद्दीत राहणाऱ्यांची नोंदवही ठेवते. तिला ‘पाद्रोन’ आणि नोंदणीच्या क्रियेला ‘एम्पाद्रोनामिएन्तो’ म्हणतात. १९८५ च्या स्थानिक शासनविषयक कायद्यानुसार स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या राहण्याच्या गावी ही नोंद करणे बंधनकारक आहे. पासपोर्ट आणि भाडेकरार किंवा घराची अन्य कागदपत्रे दाखवून ती विनामूल्य होते. करार स्वतःच्या नावावर असेल, तर घरमालकाच्या वेगळ्या परवानगीची गरज नसते. दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहणाऱ्याला मात्र त्या घरधन्याचे संमतिपत्र लागते.

या नोंदवहीचा सर्वांत मोलाचा गुण असा, की तिथे माणूस राहतो कोठे एवढेच पाहिले जाते. त्याच्या वास्तव्याच्या परवान्याची स्थिती नव्हे. परवाना नसलेल्यांचीही नोंद होते, आणि बेघर व्यक्तीची नोंद समाजसेवा विभागामार्फत करण्याची तरतूद आहे. आरोग्यपत्र, मुलांचा शाळाप्रवेश आणि इतर अनेक अर्जांना याच नोंदीचा दाखला जोडावा लागतो. दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना नसलेल्या, युरोपीय संघाबाहेरील नागरिकांनी ही नोंद दर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते. ती राहून गेली तर नाव वगळले जाते आणि वास्तव्याचा सलग पुरावा तुटतो.

ओळख-क्रमांक व ओळखपत्र : परदेशी व्यक्तीला मिळणाऱ्या ओळख-क्रमांकाला ‘नीए’ म्हणतात. तो एक्स, वाय किंवा झेड या अक्षराने सुरू होतो. पुढे सात अंक आणि शेवटी पडताळणीचे एक अक्षर असते. कर, बँक, वीज, मोबाइल, नोकरी अशा सर्व ठिकाणी तोच विचारला जातो. हा झाला क्रमांक. छायाचित्र असलेले ओळखपत्र म्हणजे ‘तीए’. सहा महिन्यांहून अधिक राहण्याचा व्हिसा असलेल्या भारतीयाने देशात प्रवेश केल्यापासून एक महिन्याच्या आत त्यासाठी अर्ज करावयाचा असतो. राष्ट्रीय पोलिसांच्या कार्यालयात बोटांचे ठसे दिल्यावर काही आठवड्यांनी कार्ड हाती येते.

या कामांसाठी इंटरनेटवरून वेळ ठरवून घ्यावी लागते. तिला ‘थीता प्रेविया’ म्हणतात. मोठ्या शहरांत ती मिळणे जिकिरीचे होऊन बसले आहे. ही वेळ विनामूल्य असते. ती पैसे घेऊन विकणाऱ्या टोळ्यांवर पोलिसांनी कारवाया केल्या आहेत, म्हणून दलालाच्या नादी न लागता अधिकृत संकेतस्थळच पुन्हापुन्हा पाहावे. पोर्तुगीज नागरिकत्व असलेल्या गोमंतकीयांना युरोपीय संघाचे नियम लागू होतात. तीन महिन्यांहून अधिक राहायचे असल्यास त्यांनी परदेशी नागरिकांच्या मध्यवर्ती नोंदवहीत नाव घालून हिरवे प्रमाणपत्र घ्यावयाचे असते.

नावाची अडचण : स्पॅनिश व्यक्तीला दोन आडनावे असतात. परंपरेने पहिले वडिलांचे व दुसरे आईचे. हा क्रम बदलण्याची मुभा आता कायद्याने आहे. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. त्यामुळे प्रत्येक अर्जात दोन आडनावांचे रकाने असतात आणि मराठी पद्धतीचे तीन भागांचे नाव तिथे गोंधळ करते. ‘सुनीता रमेश पाटील’ या नावातील ‘रमेश’ पहिले आडनाव आणि ‘पाटील’ दुसरे, असे कारकून सहज लिहून जातो. मग पाद्रोनवर एक नाव, बँकेत दुसरे आणि विद्यापीठात तिसरे, अशी अवस्था होते. पासपोर्टवर आडनावाच्या जागी जे आहे तेवढेच पहिल्या आडनावाच्या रकान्यात लिहावे, दुसरा रकाना रिकामा सोडावा, आणि कागदावर सही करण्यापूर्वी छापलेले नाव अक्षरन् अक्षर तपासावे. जन्म व विवाहाचे दाखले भारतातून निघण्यापूर्वीच अपॉस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य ठरणारे प्रमाणीकरण, करून घ्यावेत. स्पेनमध्ये त्यांचे शपथबद्ध अनुवादकाने केलेले स्पॅनिश भाषांतर लागते.

घर : भाड्याच्या घरांचे नियमन १९९४ चा नागरी भाडेकायदा करतो. घरमालक व्यक्ती असेल तर भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत व कंपनी असेल तर सात वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क आहे. सहा महिन्यांनंतर ३० दिवसांची सूचना देऊन भाडेकरू घर सोडू शकतो. मात्र त्याबद्दल भरपाईची अट करारात असू शकते. अनामत रक्कम, म्हणजे ‘फिआन्था’, एक महिन्याच्या भाड्याइतकी असते. त्याखेरीज जास्तीत जास्त दोन महिन्यांची हमी मागता येते. २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर दलालीचा खर्च नेहमीच्या निवासी करारात घरमालकाने सोसावयाचा आहे. थोड्या मुदतीच्या तात्पुरत्या करारांना हे संरक्षण पूर्णपणे लागू होत नाही, म्हणून कराराचा प्रकार वाचूनच सही करावी.

पत्त्यात मजल्यानंतर डावे की उजवे दार, किंवा दाराचा क्रमांक लिहितात. जुन्या इमारतींत तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये ‘एन्त्रेसुएलो’ व ‘प्रिन्थिपाल’ असे मजले असू शकतात. तेव्हा ‘पहिला’ मजला प्रत्यक्षात तिसरा निघतो. खालच्या टपालपेटीवर आपले नाव चिकटवणे हे घरात शिरल्यावरचे पहिले काम समजावे. नाव नसेल तर पत्र परत जाण्याचा धोका असतो, आणि सरकारी नोटिसा पुष्कळदा टपालानेच येतात.

वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असल्याने भारतातला मिक्सर चालतो. फक्त दोन गोल पिनांचा अडॅप्टर लागतो. इंडक्शनच्या शेगडीवर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. काचेच्या पृष्ठभागाच्या साध्या विद्युत शेगडीवर तापतो. घराने किती किलोवॅट क्षमतेची जोडणी घेतली आहे यावर विजेचा स्थिर आकार ठरतो. क्षमता कमी असेल तर ओव्हन, हीटर व धुलाईयंत्र एकदम लावताच वीज जाते. नियंत्रित दराच्या ग्राहकांना जून २०२१ पासून सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते २ व संध्याकाळी ६ ते १० या वेळांत वीज सर्वांत महाग, तर मध्यरात्री ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवारी सर्वांत स्वस्त पडते. पाइपचा गॅस नसलेल्या घरांत साडेबारा किलो ब्युटेनचा नारिंगी सिलिंडर वापरतात. कचऱ्यासाठी रस्त्यावर रंगीत पेट्या असतात : पिवळी वेष्टनांसाठी, निळी कागदासाठी, हिरवी काचेसाठी; ओल्या कचऱ्याची बहुधा तपकिरी.

दिवसाचे वेळापत्रक : मार्च १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत स्पेनचे घड्याळ एक तास पुढे नेऊन मध्य युरोपशी जुळवले गेले आणि ते तसेच राहिले. भौगोलिक दृष्ट्या देशाचा बहुतेक भाग ग्रिनिचच्या पश्चिमेस असल्याने माद्रिदमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो हिवाळ्यात साधारण सव्वा वाजता आणि उन्हाळ्यात सव्वादोनला. जून अखेरीस सूर्यास्त पावणेदहाच्या सुमारास होतो. जेवणाच्या उशिराच्या वेळांमागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. कानेरी बेटे मुख्य भूमीच्या एक तास मागे आहेत. भारत मुख्य भूमीच्या हिवाळ्यात साडेचार व उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो. रात्री ९ वाजता घरी फोन करावा तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. दुपारी ३ ची जेवणाची सुट्टी त्यासाठी सोयीची.

सकाळचा नाश्ता हलका, अकराच्या सुमारास दुसरी न्याहारी, दोन ते साडेतीनच्या दरम्यान मुख्य जेवण, सहाच्या आसपास मुलांचे खाणे आणि रात्री नऊ-दहाला जेवण, असा क्रम असतो. लहान दुकाने दुपारी दोन ते पाच बंद राहतात. बँका व नगरपालिकेच्या खिडक्या बहुधा दोनच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे सरकारी काम सकाळीच उरकावे. संध्याकाळी सातला उपाहारगृहात गेल्यास पेय मिळते. स्वयंपाकघर बहुधा साडेआठच्या पुढे सुरू होते.

आहार : कामाच्या दिवसांत दुपारी ‘मेनू देल दीआ’ हे ठरलेल्या किमतीचे भोजन मिळते. त्यात दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड पदार्थ किंवा कॉफी असते. साधे पाणी उपाहारगृहांनी विनामूल्य द्यावे, असे २०२२ च्या कचराविषयक कायद्यात नमूद आहे. शाकाहारी व्यक्तीने प्रश्न नेमका विचारावा. ‘मांस नको’ एवढे सांगितले तर खामोन म्हणजे वाळवलेले डुकराचे मांस, टुना मासा किंवा मटणाच्या पाण्यात शिजवलेली डाळ समोर येऊ शकते. ‘सँडविच व्हेखेताल’ नावाच्या सँडविचमध्येही पुष्कळदा टुना व अंडे असते. पाव-टोमॅटो, पाद्रोन नावाच्या गावच्या तळलेल्या मिरच्या, गास्पाचो आणि सेव्हियातील पालक-छोले हे पदार्थ बहुधा शाकाहारी असतात. बटाट्याच्या तोर्तियात अंडे असते. माद्रिदच्या लाव्हापिएस व बार्सेलोनाच्या राव्हाल भागांत भारतीय उपखंडातील किराणा मिळतो.

बाजारातील रांग : नगरपालिकेच्या मंडईत मासळी, फळे वा चीज यांच्या गाळ्यासमोर लोक पांगून उभे असतात आणि रांग दिसत नाही, ती असते मात्र काटेकोर. येणारा माणूस मोठ्याने ‘किएन एस एल उल्तिमो?’ म्हणजे ‘शेवटचे कोण?’ असे विचारतो. कोणीतरी हात वर करते. त्या क्षणापासून विचारणारा शेवटचा ठरतो आणि पुढे येणाऱ्याला हात दाखवणे ही त्याची जबाबदारी होते. आपल्या पुढचे कोण एवढे ध्यानात ठेवले, की बाजूच्या गाळ्यावर जाऊन यायलाही हरकत नसते. आरोग्यकेंद्रात रक्त द्यायला थांबलेले लोकही असेच विचारतात. गप्प उभा राहणाऱ्याचा नंबर लागत नाही; विचारणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सगळे सामावून घेतात. भाषा तोडकीमोडकी असली तरी एवढे एक वाक्य पाठ करून जावे.

आरोग्य व इतर सेवा : नोकरदार सामाजिक सुरक्षा योजनेत येतो आणि त्याला पत्त्यानुसार आरोग्यकेंद्र व कुटुंबवैद्य मिळतो, तज्ज्ञाकडे त्याच्याच चिठ्ठीने जावे लागते. विद्यार्थ्यांना बहुधा व्हिसासाठीच खासगी विमा काढावा लागतो. हिरव्या क्रॉसचे चिन्ह म्हणजे औषधालय. रात्री व सुट्टीच्या दिवशी पाळीपाळीने उघडे राहणाऱ्या औषधालयांची यादी प्रत्येक औषधालयाच्या दारावर लावलेली असते. सर्व आपत्कालीन सेवांसाठी ११२ हा क्रमांक आहे. ‘एस्तांको’ या परवानाधारक तंबाखूच्या दुकानात टपालतिकिटे मिळतात आणि अनेक शहरांत बसचे कार्डही भरून मिळते. मोबाइलवरून पैसे पाठवण्यासाठी २०१६ पासून ‘बिथूम’ ही यूपीआयसारखी सोय आहे. तिला स्पॅनिश बँकखाते लागते. कामगाराला वर्षाकाठी किमान ३० दिवस सुट्टी आणि दोन जादा वेतने यांचा कायदेशीर हक्क आहे. शिक्षण ६ ते १६ या वयात सक्तीचे आहे. कातालोनियात शाळेची प्रमुख भाषा कातालान असल्याने मुलांसह जाणाऱ्यांनी तिची तयारी ठेवावी.

दीर्घ वास्तव्य : पाच वर्षांच्या कायदेशीर व सलग वास्तव्यानंतर दीर्घकालीन परवाना, तर भारतीयांना सर्वसाधारणपणे दहा वर्षांनंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने त्या वेळी भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. अर्जदाराला इन्स्तितुतो सेर्व्हान्तेसच्या दोन परीक्षा द्याव्या लागतात : एक प्राथमिक स्पॅनिशची आणि दुसरी राज्यघटना व समाजजीवनाची. दुसरीत २५ प्रश्न असतात व १५ बरोबर यावे लागतात. त्यांत संसद व न्यायालयांबरोबरच सण, भूगोल, जेवणाच्या सवयी आणि नित्याच्या सरकारी कामांवरही प्रश्न येतात. शेजाऱ्यांत मिसळून, मंडईत व कचेरीत स्वतः बोलून राहिलेल्या माणसाला त्यांची निम्मी तयारी वेगळी करावी लागत नाही.