अहमदनगरच्या छावणीतील नाझीविरोधी

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत सरकारी नोकरवर्गाच्या ‘पुनःस्थापनेचा’ कायदा झाला आणि नाझी व्याख्येनुसार ‘अनार्य’ ठरणाऱ्या, म्हणजे मुख्यतः ज्यू असणाऱ्या, तसेच पूर्वीच्या राजकीय वर्तनामुळे नव्या राजवटीवर निष्ठा ठेवण्याची खात्री न देणाऱ्या कर्मचाऱ्यांना नोकरीतून काढण्याचा अधिकार शासनाला मिळाला. हा कायदा मोठ्या अधिकाऱ्यांपुरता नव्हता. कचेरीतील सामान्य नोकरही त्याच्या कक्षेत आले. लाउबाख येथील न्यायालयीन कर्मचारी फ्रिडरिश केल्नर यांची नोकरी टिकली खरी, पण नाझीविरोधी मतांमुळे त्यांना १९४० मध्ये छळछावणीची धमकी मिळाली, आणि तरीही त्यांनी गुप्तपणे रोजनिशी लिहिणे सोडले नाही.

ज्यांना देश सोडता आला, त्यांतील काही भारतात पोहोचले. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ज्यू रिलीफ असोसिएशन ही संस्था त्यांना आधार देत होती. १९३८ च्या ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पारपत्रावर ‘जे’ हे अक्षर लाल शाईत उमटवले जाऊ लागले, त्यामुळे ते कोणापासून पळून आले होते हे त्या कागदावरच दिसत होते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले जाताच मात्र ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना सरसकट शत्रुराष्ट्राचे नागरिक मानून स्थानबद्ध केले, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवले. त्यासाठी निवडले गेले अहमदनगर. हे जुने लष्करी ठाणे होते, बोअर युद्धातील कैदी आणि पहिल्या महायुद्धातील जर्मन स्थानबद्ध तेथेच ठेवले गेले होते, त्यामुळे पहाऱ्याची व्यवस्था तयारच होती. नाझी पक्षाचे सदस्य आणि त्याच पक्षाच्या छळातून निसटलेले निर्वासित आता एकाच कुंपणाआड आले. १९३८ मध्ये एस.एस. या नाझी निमलष्करी संघटनेत दाखल झालेला गिर्यारोहक हाइनरिश हारर याच छावणीत होता आणि शांतिनिकेतनातील ज्यू अध्यापक ॲलेक्स ॲरनसन यांनाही येथेच आणले गेले. ॲरनसन यांच्या सुटकेसाठी खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी प्रयत्न केले.

सनदी अधिकारी सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने चौकशी केल्यावर अनेक निर्वासित सुटले, परंतु १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळताच संशय पुन्हा बळावला आणि सुटलेल्यांपैकी काहींना परत पकडण्यात आले. पुढे देहरादूनच्या छावणीत नाझी आणि नाझीविरोधी यांचे विभाग वेगळे करण्यात आले, तर पुरंदर आणि सातारा येथे कुटुंबांना ठेवण्यात आले. जो भेद अनेकांच्या पारपत्रावरून पहिल्याच दिवशी कळण्यासारखा होता, तो करण्यास सरकारने विलंब लावला. युद्धकाळाची घाई हे त्याचे कारण असू शकते, समर्थन नव्हे.

ऑगस्ट १९४२ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात जवाहरलाल नेहरूंना बंदिवान करण्यात आले. १९३८ मध्ये नाझी सरकारचे निमंत्रण नाकारणारा हा नेता ब्रिटिशांचाच कैदी झाला, आणि त्यांच्या येथील ग्रंथलेखनामुळे किल्ल्याचे नाव जगभर पोहोचले. त्यांच्याआधी तीन वर्षे याच शहरात डांबल्या गेलेल्या नाझीविरोधी निर्वासितांची नोंद मात्र जिल्ह्याच्या इतिहासात फारशी ठळक नाही. ती जिल्ह्यातील अभ्यासकांनी आता आवर्जून करावी.