एकोणीस वर्षे, सहा महिने, चौदा दिवस

रॉबर्ट नॉक्स या इंग्रज खलाशाने श्रीलंकेतल्या आपल्या कैदेचा हिशेब दिवसापर्यंत मांडला आहे: एकोणीस वर्षे, सहा महिने, चौदा दिवस. हिशेब बरोबर आहे. 4 एप्रिल 1660 ला पकडला गेला आणि 18 ऑक्टोबर 1679 ला डचांच्या किल्ल्याच्या दारात येऊन उभा राहिला. मोजून पाहा. मात्र कैदेवरचे त्याचे पुस्तक म्हणजे कैदेतली रोजनिशी नव्हे. सुटल्यावर परतीच्या जहाजावर त्याने ते आठवून लिहिले आणि ते 1681 मध्ये लंडनला छापले गेले. वाचताना हे सतत मनाशी ठेवायला हवे.

प्रकार असा घडला. ईस्ट इंडिया कंपनीचे ‘अ‍ॅन’ हे जहाज नोव्हेंबर 1659 मध्ये मच्छलीपट्टणच्या किनाऱ्यावर वादळात सापडले. डोलकाठी गेली. ती नव्याने उभारण्यासाठी जहाज सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, त्रिंकोमालीजवळच्या कोट्टियारच्या उपसागरात आले. तो मुलूख कँडीचा राजा दुसरा राजसिंह याचा. जहाजाचा कप्तान नॉक्सचा बाप, त्याचेही नाव रॉबर्टच. मुलगा जेमतेम विशीचा. राजाचा अंमलदार, तिकडच्या भाषेत दिसाव, भेटीला आला. निरोप गोड होता, पाहुणचार होता. कप्तान चिंचेच्या झाडाखाली बसला असताना त्याला घेरले. पुढे मुलगाही किनाऱ्यावर हाती लागला. एकूण सोळा जण.

यानंतरचा प्रसंग मला सगळ्या पुस्तकात सर्वांत अवघड वाटतो. जहाजाला निघून जायचा हुकूम द्यायला कप्तानाने मुलालाच पाठवले आणि परत येण्याची शपथ घातली. मुलगा जहाजावर चढला. तिथे त्याला कोणी अडवणारे नव्हते. निरोप सांगितला आणि तो परत येऊन बापाशेजारी बसला. या प्रसंगाला साक्ष एकट्या नॉक्सचीच, आणि आज्ञाधारक पुत्र म्हणून दिसण्यात त्याचा फायदाही होता. तरी जहाज गेले आणि तो मागे राहिला, एवढे तर खरेच.

या कैदेशेजारी आपल्याकडची एक कैद ठेवून पाहावी. त्याच एप्रिल 1660 मध्ये कंपनीच्या राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरच्या बाजूने पन्हाळ्यावर तोफगोळे टाकायला गेला होता. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरचे इंग्रज धरले. त्या कैद्यांची पत्रे आहेत आणि कंपनीच्या सुरतेच्या वखारीने त्यांना दिलेले खरमरीत उत्तरही आहे: कंपनीचा माल राखताना नव्हे, पन्हाळ्यावर नसती उठाठेव केलीत म्हणून तुरुंगात पडलात. म्हणजे तिथे अपराध ठाऊक, वाटाघाट चालू, सुटकेची अट स्पष्ट. कँडीत यातले काहीच नाही. राजसिंहाने खंडणी मागितली नाही, आरोप ठेवला नाही, खटला चालवला नाही. त्याच्याजवळ डच होते, पोर्तुगीज होते, फ्रेंच होते. मालदीवजवळ फुटलेल्या ‘पर्शिया मर्चंट’ जहाजाचे तेरा इंग्रजही आधीच अडकलेले होते. परकी माणसे जमवून ठेवावीत, एवढेच. नॉक्स कारण शोधतो आणि राजाच्या स्वभावाशी येऊन थांबतो.

बेड्या नव्हत्या. सोळा जणांना पांगवून वेगवेगळ्या गावांत ठेवले. गावकऱ्यांनी त्यांना जेवू घालायचे, असा राजाचा हुकूम. पहारा असा नव्हता. पण वाट ठाऊक नाही, भाषा येत नाही, रान दाट आणि रानातल्या वाटांवर काट्यांचे दरवाजे. जेवू घालणाराच राखणदार. बापलेकांना बंडार कोस्वत्त गावी एकत्र ठेवले होते. दोघांनाही हिवतापाने धरले. 9 फेब्रुवारी 1661 ला बाप गेला. तापाने खंगलेल्या मुलाने मदत मागितली, तेव्हा गावाने एक दोर पाठवला: गळ्याला बांधून प्रेत रानात ओढून टाका, याहून जास्त मदत हवी असेल तर पैसे मोजा. जवळच्या नोकर पोराच्या आणि पैसे देऊन आणलेल्या माणसाच्या हातभाराने त्याने बापाला पुरले. गावाला निर्दय म्हणण्याआधी दुसरी बाजूही पाहावी. हे परके त्यांनी बोलावले नव्हते. राजाने त्यांच्या शिध्यावर बसवले होते.

नॉक्सजवळ दोन धार्मिक पुस्तके होती, ती पाठ झाली. एकदा गळ टाकून मासे धरत असताना एका म्हाताऱ्याकडचे इंग्रजी पुस्तक समोर आले. ते बायबल निघाले. आनंद दाखवला तर किंमत चढेल, हे त्याला कळत होते. शेवटी विणलेल्या एका टोपीवर सौदा जमला. भक्तीच्या वर्णनात घासाघीस लपवावी असे त्याला वाटत नाही, म्हणून मला हा साक्षीदार विश्वासाचा वाटतो.

1664 मध्ये मद्रासहून तिथल्या इंग्रजांचा प्रमुख एडवर्ड विंटर याचे पत्र आले आणि सुटका होणार असे दिसू लागले. सगळे इंग्रज निलंबेच्या राजवाड्याशी जमले. त्याच सुमारास आकाशात धूमकेतू होता. 21 डिसेंबरच्या रात्री राजाविरुद्ध बंड उठले आणि सुटकेची गोष्ट तिथेच विरली.

इथून पुढे कैदी संसारी होतो. टोप्या विणतो, फेरीने माल विकतो, भात व्याजी लावतो. व्याजाचा दर वर्षाला पन्नास टक्के. एलदेत्त येथे पंचवीस लारी नाण्यांना जमीन घेतो. चौघे इंग्रज तिथे राहत आणि बाई घरात आणायची नाही असा त्यांचा ठराव होता. दोघांनी तो मोडला; नॉक्स आणि स्टीफन रटलंड टिकले. एका इंग्रजाची सिंहली बाईपासून झालेली लुसिया नावाची मुलगी मात्र त्याच घरात वाढली. हा माणूस बांधलेला होता की वसलेला, असा प्रश्न पडतो. पण फेरीचा माल घेऊन तो नेहमी उत्तरेकडेच जाई, वाटा पाहत. त्या भागातले पाणी घाण असे. त्यावर उतारा म्हणून तो गांजा घेई. पुढे 1689 मध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याच वनस्पतीवर व्याख्यान दिले. माहिती नॉक्सची.

22 सप्टेंबर 1679 ला नॉक्स आणि रटलंड पळून जायला निघाले. वाटेत कलुविल येथे तिथल्या अधिकाऱ्याला चुकवता येणार नव्हते, म्हणून आपणहून त्याच्या घरी गेले. हरणाचे सुकवलेले मांस खरेदी करायला आलो आहोत, असे सांगून तिथेच जेवले, मुक्काम केला. राजाची माणसेही त्या घरी येऊन गेली. एकोणीस वर्षांत परका माणूस शेजाऱ्यासारखे खोटे बोलायला शिकला होता, आणि सुटला तो त्यामुळेच. मग अनुराधपुरावरून मालवतु ओया नदीच्या काठाने डचांचा अरिप्पूचा किल्ला. तिथून कोलंबो, बटाव्हिया, आणि सप्टेंबर 1680 मध्ये लंडन.

छापील पुस्तकाला हूकची प्रस्तावना आहे. मजकूर लावून देण्यातही त्याचा हात होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य नॉक्सचेच धरू नये. पण नॉक्स तिथे थांबला नाही. आपल्या प्रतीत कोरी पाने बांधून घेऊन तो म्हातारपणापर्यंत भर घालत राहिला, आणि वेगळे आत्मचरित्रही लिहिले. मागे राहिलेल्यांना त्याने पत्र लिहिले. एलदेत्तची मालमत्ता लुसियाला दिली. आणि ‘टोंक्विन मर्चंट’ जहाजाचा कप्तान होऊन मादागास्करहून गुलाम विकत घेऊन सेंट हेलेनाला पोहोचवायच्या कामगिरीवरही तो गेला. हे आत्मचरित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात पडून होते, ते 1911 मध्ये छापले गेले. तोवरच्या सव्वादोनशे वर्षांत वाचकांना ठाऊक होता तो फक्त कैदी नॉक्स.