रायकर्सवरच्या चिठ्ठ्या

व्यसनमुक्ती म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ते बव्हंशी अनिल अवचटांच्या 'गर्द'ने आणि १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने घडवलेले आहे. पदार्थ सुटतो, शरीर काही दिवस तडफडते, आणि मग माणूस पुन्हा उभा राहतो. व्यसनावरचा उपचार म्हणून अफूच्याच कुळातले एखादे औषध रोज, कदाचित वर्षानुवर्षे द्यायचे, ही कल्पना आमच्याही गळी सहजी उतरली नव्हती. ती उतरली ती एका जुन्या प्रयोगाची हकीकत वाचल्यावर. हा प्रयोग न्यूयॉर्कच्या तुरुंगात झाला, आणि त्याचा निष्कर्ष तुरुंगांनी जवळजवळ अर्धशतक बाजूला ठेवला.

व्हिन्सेंट डोल हा रॉकफेलर संस्थेतला चयापचयाचा संशोधक. व्यसनाशी त्याचा पूर्वी संबंध नव्हता. मेरी नायस्वाँडर ही मानसोपचारतज्ज्ञ. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे अमेरिकन सरकारने १९३५ साली व्यसनी कैद्यांसाठी अर्धे रुग्णालय, अर्धा तुरुंग असे जे विशाल केंद्र उघडले होते, तिथे तिने काम केले होते. तिथून 'बरे' होऊन गेलेली माणसे पुन्हा पुन्हा परत येताना तिने पाहिली होती. १९६४ मध्ये या दोघांनी, मेरी जीन क्रीक या तरुण डॉक्टरसह, हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन देऊन पाहिले. हे औषध मुळात जर्मनीत वेदनाशामक म्हणून तयार झालेले. तोंडाने घ्यायचे, परिणाम दिवसभर टिकणारा. आणि मात्रा एकदा बसली की नशा न चढता ओढ शमते. रुग्ण कामाची, शिक्षणाची भाषा बोलू लागले. व्यसन हा शरीराच्या रसायनात पडलेला पालट आहे, तेव्हा मधुमेह्याला इन्सुलिन तसे याला मेथाडोन, असे डोलचे म्हणणे. त्या काळी हे म्हणणे धाडसाचेच होते. १९१४ च्या हॅरिसन कायद्याच्या आधारे व्यसन्याला अफूजन्य औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर खटले भरले गेले होते.

मग डोल रायकर्स आयलंडवर गेला. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमधले हे तुरुंगांचे बेट. हेरॉइनचे जुने व्यसन असलेले, अनेकदा शिक्षा भोगलेले आणि लवकरच सुटणारे कैदी त्याने घेतले आणि निवड नशिबावर सोडली. बारा जणांना सुटकेआधी मेथाडोन सुरू झाले आणि बाहेर गेल्यावरही ते चालू राहिले. सोळा जणांना नेहमीप्रमाणे काहीच मिळाले नाही. निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभराच्या आत सोळाच्या सोळा पुन्हा हेरॉइनवर गेले होते आणि त्यांतल्या पंधरांना नव्या गुन्ह्यांत शिक्षा झाली होती. औषध मिळालेल्या बारांपैकी शिक्षा झालेले तीन. रोजच्या हेरॉइनकडे एकही परतला नव्हता. अठ्ठावीस माणसांचा हा प्रयोग, संख्येने लहान खराच. पण ज्या बाजूची चिठ्ठी निघाली त्यावर आयुष्य ठरावे, इतका फरक लहान प्रयोगात क्वचितच दिसतो.

यानंतर काय व्हावे? १९७० च्या ऑगस्टमध्ये मॅनहॅटनमधल्या 'टूम्ब्स' या कच्च्या कैद्यांच्या तुरुंगात दंगल उसळली. खच्चून भरलेल्या त्या कोठड्यांत कितीतरी जण पदार्थ तुटल्याच्या यातनांत लोळत असत. (मुंबईच्या गर्दुल्ल्यांच्या बोलीत यालाच 'टर्की' म्हणतात; तो शब्दही अमेरिकेतूनच आलेला.) डोलने तिथे मेथाडोनची उतरती मात्रा देऊन या यातना कमी केल्या. म्हणजे तुरुंगाने औषध स्वीकारले ते यातना आवरण्यापुरते. उपचार म्हणून नव्हे. रायकर्सवर मेथाडोनचा नियमित उपचार सुरू व्हायला १९८७ साल उजाडले. बाकीच्या देशातले बहुतेक तुरुंग त्यानंतरही तसेच राहिले. बाहेर नियमाने औषध घेणारा माणूससुद्धा किरकोळ गुन्ह्यात आत आला की त्याचे औषध त्या दिवशी तुटे. त्याचा मधुमेह, त्याचा रक्तदाब यांची औषधे मात्र चालू राहत.

तुरुंगाधिकाऱ्यांचे आक्षेप अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी तोंडात लपवून दुसऱ्याला विकता येते, हे खरे. मेथाडोन द्यायला स्वतंत्र परवाना असलेले केंद्र लागते, हेही खरे. पण या अडचणींच्या तळाशी एक जुनी समजूत होती, आणि आमच्या मते खरा अडसर तोच होता: तुरुंगात पदार्थ मिळत नाही, म्हणजे माणूस आपोआप स्वच्छ होतो, तडफडला तर तेही शिक्षेतच जमा.

ही समजूत किती घातक होती ते शरीरशास्त्र सांगते. रोज हेरॉइन घेणाऱ्याच्या शरीराला मोठी मात्रा सोसण्याची सवय झालेली असते. काही आठवडे खंड पडला की ही सहनशक्ती ओसरते. ओढ मात्र ओसरत नाही. सुटलेला माणूस जुन्या गल्लीत जुनीच मात्रा घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. डोल २००६ च्या ऑगस्टमध्ये वारला. पुढच्याच जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता. आणि केवळ अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट. एकशे एकोणतीस! हा आकडा वाचून आम्ही तो पुन्हा तपासून पाहिला.

ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१६ मध्ये आपल्या साऱ्या कैद्यांना मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन ही तिन्ही औषधे खुली केली; आत येताना चालू असलेले औषध तोडायचे नाही, आणि सुटल्यावर बाहेरच्या केंद्राशी गाठ घालून द्यायची. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत अतिमात्रेने मेलेल्यांमध्ये नुकतेच सुटलेले २६ जण होते. २०१७ च्या त्याच महिन्यांत ९.

इतर ठिकाणी मात्र न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मेन राज्याच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या एका बाईला किरकोळ चोरीबद्दल ४० दिवसांची शिक्षा झाली. ब्युप्रेनॉर्फिनवर ती कित्येक वर्षे सावरलेली होती; ॲरूस्टुक काउंटीचा तुरुंग ते द्यायला तयार नव्हता. आत जाण्यापूर्वीच ती न्यायालयात गेली. अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा तिच्या मदतीला आला. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीशांनी औषध देण्याचा हुकूम केला आणि ३० एप्रिलला वरिष्ठ न्यायालयाने तो उचलून धरला. डोलच्या निबंधाला तेव्हा पन्नास वर्षे होत होती. बाईने मागितले होते ते एवढेच, की बाहेर रोज घेत असलेली गोळी आत गेल्यावरही मिळावी.