चिंच, राख आणि तांब्याचं कडं

यंदाच्या १४ एप्रिलच्या तयारीत धुळ्याच्या आमच्या वस्तीत एक पत्र्याची पेटी निघाली. आत तांब्याची दोन कडी, काशाची जोडवी, कथलाच्या पाटल्या. कडी तर काळीठिक्कर पडलेली. लगेच वाद पेटला. एक गडी म्हणाला, गुलामीच्या बेड्या आहेत, भंगारात टाका. दुसरा म्हणाला, काय बोलतोस, ही आपली संस्कृती, जयंतीच्या प्रदर्शनात काचेत ठेवू. दोघंही आपलेच, दोघंही चळवळीत राबणारे. पण ते कडं कुणी आणि कशापायी घातलं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मित्रांनो, म्हणून हा कागद.

पेटी जिच्या घरातली ती म्हातारी ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. कडी तिच्या सासूची. ती म्हणाली, "कायं पडनं ते चिंच लाव ना रे भाऊ." आणि पोरं हलेनात म्हणून स्वतःच कामाला लागली. चिंच भिजवून कोळ काढला, त्यात मूठभर मीठ टाकलं, कडं बुडवून ठेवलं. हवेनं तांब्यावर जे काळं पूट चढतं ते आंबटानं सुटतं, मीठ त्याला जोर देतं. मग कपाशीच्या काड्यांची राख चाळून ओल्या चिंधीवर घेतली आणि घासायला लागली. राख चाळायचीच, खडा राहिला तर ओरखडा उठतो. दोन पाण्यांनी धुतलं, कारण चिंचेचा अंश राहिला की पुन्हा डाग धरतो. लगेच कोरडं पुसलं. शेवटी जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं नुसतं चोळत राहिली. बराच वेळ. बोलणं चालू, हात चालू. तेव्हा कुठे ती तांबूस झळाळी वर आली.

ही काही हौस नव्हती. कापूस वेचताना घाम येतो, घामानं तांबं कळकतं आणि मनगटावर हिरवा पट्टा उमटतो. सासूचा हात किती धुतला तरी तो पट्टा पुरता जात नसे, असं म्हातारी सांगते. म्हणून रात्री भाकरी झाल्यावर चुलीपुढे बसून कडं घासायचं.

आता कुणी म्हणेल, तांबं स्वस्त म्हणून घातलं. गरिबी होतीच. पण चार पैसे गाठीला असते तर चांदी घालता आली असती काय? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला ५२ वा श्लोक काढून बघा. चांडाळानं मेलेल्याची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात खावं आणि दागिने लोखंडाचे घालावेत. धातूसुद्धा जातीनं वाटून दिला!

पोथी जुनी झाली म्हणता? मग आपल्या धुळ्यावरून जाणारा आग्रा रोड धरा आणि इंदूरला चला. १९२० च्या दशकात कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आजूबाजूच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई लोकांना फर्मान काढलं. त्यात एक कलम असं, की बलाई बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. बलायांनी ऐकलं नाही तर विहिरी बंद, गुरांची वाट बंद. शेकडो माणसं बायकापोरांसह गाव सोडून गेली. १९३० च्या डिसेंबरात तिकडे रामनाडला कल्लरांनी आदि-द्रविडांवर आठ बंद्या घातल्या. पहिलीच बंदी सोन्याचांदीच्या दागिन्यांवर. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी आपल्या बाया धातूच्या भांड्यानं पाणी आणायला लागल्या, तर त्यांना मारहाण झाली. बलायांची आणि झानूची हकीकत बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात नोंदवली आहे.

आणि गंमत बघा. हेच तांबं भटजीच्या देवघरात पळी-ताम्हण झालं की पवित्र. तेही चिंचेनंच घासतात. चिंचेला जात कळत नाही.

तेव्हा महाडकडे नीट बघा. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली हे पोरासोरांना पाठ आहे. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले, ते भाषण फार कमी जण वाचतात. लुगडं कसं नेसावं ते त्यांनी सांगितलं. गळ्यातल्या ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे दागिने ही तुम्हाला ओळखायची खूण आहे, ती टाका म्हणाले. घालायचंच तर सोन्याचं घाला, नाहीतर काहीच घालू नका. दुसऱ्या दिवशी बाया नव्या पद्धतीनं लुगडी नेसून आल्या. पोथी जाळली आणि पोथीतली खूण अंगावरून उतरवली, ही एकाच कामाची दोन टोकं. त्याआधी बारा वर्षं, १९१५ साली, त्रावणकोरात अय्यंकाळींच्या हाकेवर पुलया बायांनी दगडी मण्यांच्या माळा अशाच तोडून टाकल्या होत्या.

म्हणून प्रदर्शनवाल्या मित्राला माझं सांगणं, जे नाकारायची मुभा नव्हती त्याला संस्कृती म्हणून काचेत बसवू नकोस. ठेवायचंच तर शेजारी मनूचा श्लोक आणि बलायांवरची कलमं लाव. आणि भंगारवाल्या मित्रा, धातू त्यांनी लादला, पण झळाळी त्या बाईच्या हातची होती. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून रात्री तिनं जे स्वतःसाठी केलं, ते एवढंच. ती उतरवताना तिला काही वाटलं नसेल असं समजू नकोस. सोनं घेण्याची ऐपत नव्हती, म्हणजे बाबासाहेबांचा शब्द पाळायचा तर हात मोकळेच ठेवायचे. कित्येकींनी मोकळे ठेवले. आपल्या सभांच्या ठरावांत याची नोंद सापडायची नाही, कारण ठराव लिहिणारे पुरुष होते.

आज आपली एखादी नर्स, एखादी मास्तरीण जळगावच्या सराफ बाजारात जाऊन चेन घेते. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, बाबासाहेब १९३७ साली जिथे येऊन राहिले तिथे, यात्रेत बायांचे हात बघा. काही हातांत सोनं, काही हातांत काचेच्या बांगड्या. मनगटावर हिरवा पट्टा कुणाच्याच नाही.

म्हातारीनं कडं चोळून झाल्यावर उजेडात धरून पाहिलं. एका पोरीनं म्हटलं, मोठी माय, घाल ना एकदा. तिनं कडं पोरांच्या हातात दिलं. "आते जठे ठेवनं शे तठे ठेवा. मी घालाव नही."