सोपे की अवघड : खटका कुणाच्या हाती?

लपंडावाचा डाव मांडताना घरातले शेंडेफळ हट्ट धरून बसले, म्हणजे मोठी मुले त्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून खेळात घेत. ते सापडले तरी त्याच्यावर राज्य येत नसे. ही सवलत खरी. पण ती देणारे दुसरे, आणि घेणाऱ्याच्या कपाळी एक शिक्का. व्हिडिओ खेळांत ‘सोपे, मध्यम, अवघड’ अशी जी निवड असते, तिचा जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास पाहताना आम्हांला हेच दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. सवलत कोण ठरवतो? आणि तिच्याबरोबर शिक्का येतो काय?

१९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. पडद्यावर शत्रूंच्या रांगा खाली उतरतात आणि खेळणाऱ्याने त्यांना टिपायचे. शत्रू कमी होत, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढे. कारण चित्रे थोडी राहिली की यंत्र ती लवकर काढी. निशिकादोंनी हा दोष काढून न टाकता तसाच ठेवला, आणि खेळ पुढे पुढे कठीण होत जाण्याची रंगत त्यातूनच आली.

पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या पोटात मालकासाठी बारीक खटके असत. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये एका डावाला १, २, ३ की ५ जीव द्यायचे, जादा जीव किती गुणांवर द्यायचा की मुळीच द्यायचा नाही, हे या खटक्यांवर ठरे. डाव लवकर संपला तर दुसरे नाणे पडणार; फारच लवकर संपला तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही. या दोहोंच्या मधला हिशेब मालकाचा, आणि कपाटाची किल्लीही त्याचीच. ज्यांचे आयुष्य कामगार चळवळीत गेले, त्या आम्हांला ही व्यवस्था नवी नाही. यंत्राचा वेग ठरवणारा एक, आणि त्या वेगाने हात चालवणारा दुसरा!

घरगुती यंत्रांत मात्र खटका बाहेर आला होता. अमेरिकेच्या अटारी कंपनीने १९७७ साली विकावयास काढलेल्या यंत्रावर डाव्या आणि उजव्या खेळाडूसाठी दोन वेगळे खटके होते. ‘ए’ तरबेजासाठी, ‘बी’ नवशिक्यासाठी. बापाने आपला खटका ‘ए’वर ठेवावा, लेकीने ‘बी’वर, की एकाच डावात दोघांची चुरस लागे. गो या पटावरच्या खेळात दुबळ्या खेळाडूला आरंभीच काही सोंगट्या मांडू देतात, त्याच जातीची ही युक्ती.

खटका हाती आला, पण शिक्का गेला नाही. १९९२ च्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’मध्ये सर्वांत सोपी पायरी निवडली, की नायकाच्या डोक्यावर तान्ह्या मुलाचे टोपडे दिसे. त्याच मंडळींच्या १९९३ च्या ‘डूम’मध्ये सोप्या पायरीचे नाव ‘मरायला मी अजून लहान आहे’ अशा अर्थाचे होते. थट्टाच ती, पण ज्याला खरोखरच सोपे हवे, त्याला ती बोचत नसेल असे कोण म्हणेल?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. हिदेताका मियाझाकी यांच्या २०१९ च्या ‘सेकिरो’ या खेळात अशी निवड ठेवलेलीच नाही. सर्वांपुढे एकच भिंत. ती ओलांडल्याचा आनंदही सर्वांचा एकच. हे म्हणणे पोकळ नव्हे. सारखे सोसल्याने माणसे जवळ येतात, हे आम्ही संपाच्या दिवसांत पाहिले आहे. परंतु त्याच दिवसांत हेही पाहिले, की एकच उपास तरण्याला एक आणि आजाऱ्याला वेगळा असतो. ज्याची बोटे संधिवाताने आखडली, ज्याला एकच हात आहे, ज्याला अंधुक दिसते, त्याच्यापुढे ती भिंत तेवढीच उंच राहत नाही.

‘सेकिरो’च्या आदल्याच वर्षी, २०१८ साली, ‘सेलेस्ट’ हा पर्वत चढण्याचा खेळ आला. तो चांगलाच कठीण आहे. पण खेळाचा वेग कमी करण्याची, दम न संपण्याची सोय खेळणाऱ्याच्याच हाती दिली आहे. आरंभी तिच्यासोबत, पहिल्या खेपेस मदतीवाचून खेळावे, अशी शिफारस होती. पुढे कर्त्यांनी ते शब्द बदलले. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात तर दृष्टी, श्रवण, हालचाल अशा अडचणी ध्यानी घेऊन साठांहून अधिक सोयी ठेवल्या. शत्रू किती कडवे असावेत आणि साहित्य किती मिळावे, हेही वेगवेगळे ठरवता येते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. अवघड पायरी निवडणाऱ्याचे कौतुक जरूर करावे. ते त्याने कमावलेले असते. पण घरातल्या पोराने किंवा आजोबांनी सोपी पायरी घेतली, तर हसू नये. त्यांनी आपल्या हातांचा अंदाज घेऊन आपला वेग आपण ठरवला आहे. कारखान्यात एवढ्याच हक्कासाठी माणसांना वर्षानुवर्षे भांडावे लागले.