दार बंद, पेटी चालू : महामारीतल्या सुट्टीची गोष्ट

कानात हेडफोन असेल तर असू द्या, आणि वाचत असाल तर निवांत वाचा. आजचा विषय ऐकायला साधा आहे : उन्हाळ्याची सुट्टी, लहान मुलं आणि वाचनालय. फक्त त्यात महामारी आली की काय होतं, ते बघायचंय.

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाउन लागला. शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या, आता वाचनालयांनाही कुलूप लागलं. आपल्या राज्यात वाचनालयं उघडायची परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. गंमत बघा, त्याच आदेशात आठवडे बाजारांनाही परवानगी होती. म्हणजे पुस्तक आणि बाजार दोन्ही एकाच दिवशी सुटले! पण तोवर सुट्टी संपून पावसाळाही सरला होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा निर्बंध आले. सलग दोन उन्हाळे गेले.

आता म्हणाल, दोन सुट्ट्या गेल्या तर काय मोठं बिघडलं? पुण्यामुंबईच्या घरात कपाटभर पुस्तकं असतील तर कदाचित फार नाही. पण नंदुरबारचं गणित वेगळं आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. इथे दर दहा माणसांत जवळपास सात जण आदिवासी. २०११ च्या जनगणनेत साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी. घरात भिली, पावरी, मावची, देहवाली नाहीतर अहिराणी, आणि शाळेच्या पुस्तकात मराठी. या मुलाचा मराठी अक्षरांशी संबंध शाळेतून आणि वाचनालयातूनच येतो. दोन्ही बंद झाले की अक्षरं विसरायला वेळ लागत नाही. 'असर'च्या पाहणीत हे देशभर दिसलं : दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७ टक्के होती, २०२२ मध्ये ती २० टक्क्यांवर आली.

बरं, वाचनालयं बंद का केली? गर्दी हे एक कारण. दुसरं म्हणजे पुस्तकाचीच भीती. एक पुस्तक दहा घरं फिरतं, मग रोगही फिरणार की! ही भीती जुनी आहे. १८९५ मध्ये अमेरिकेत ओमाहा शहरातल्या जेसी ॲलन या ग्रंथपाल क्षयाने वारल्या आणि वाचनालयाची पुस्तकंच रोग पसरवतात, अशी चर्चा तिकडे पेटली. पुस्तकांना धुरी देण्यापर्यंत गोष्टी गेल्या. १९०७ मध्ये ब्रिटनने कायदाच केला की संसर्गजन्य रोग असलेल्याने वाचनालयाचं पुस्तक न्यायचं नाही.

२०२० मध्ये मात्र अंदाजावर न थांबता प्रयोग झाले. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनी विषाणू सापडला नाही. एकावर एक रचलेल्या काही वस्तूंवर तो सहा दिवसांनीही सापडला. म्हणजे पुस्तकं परत आली की गठ्ठा करायचा नाही, मोकळी पसरून ठेवायची. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून कोरोना होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. खरा धोका बंद खोलीतल्या हवेचा होता. खोली बंद ठेवायला कारण होतं. पण पुस्तक बंद ठेवायला तेवढं कारण नव्हतं, आणि आपण दोन्ही एकाच कुलपात ठेवले.

मग खोलीशिवाय वाचनालय चालतं का? चालतं. आणि त्याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. नवापूरहून गुजरातकडे निघालात की सोनगड लागतं. हा भाग तेव्हा बडोदा संस्थानात होता. तिथले महाराज सयाजीराव गायकवाड, जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग प्रश्न आला, शिकलेली मुलं वाचणार काय? १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावलं. त्यातून फिरती वाचनालयं उभी राहिली. एक लाकडी पेटी, तिला कुलूप, आत निवडक पुस्तकं. पेटी गावात जायची, लोक वाचायचे, पेटी परत यायची, दुसरी जायची. इमारत नाही, बाक नाही, पण वाचनालय मात्र चालू!

हीच पेटी पुन्हा भेटते थेट २००९ मध्ये, नाशिकला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात विनायक रानडे यांनी शंभर पुस्तकांची एक पेटी, अशा पेट्या वाचकांच्या गटांना द्यायला सुरुवात केली. काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. ही पेटी पुढे दुबईच्या मराठी घरांतही पोचली. सातपुड्यातल्या पाड्यावर पोचणं त्याहून अवघड नसावं, नाही का?

'पण आता मोबाइल आहे ना!' असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच. खरंय, तुम्ही हे मोबाइलवरच ऐकताय. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन आहेत, 'स्टोरीवीव्हर'वर गोष्टींची पुस्तकं फुकट आहेत. पण २०२० च्या 'असर'नुसार ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या सुमारे ६२ टक्के घरांतच स्मार्टफोन होता, आणि घरात फोन असणं म्हणजे मुलाच्या हातात असणं नव्हे. वर धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज शोधत टेकडी चढायची!

हा अनुभवही नवा नाही. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत पोलिओची साथ आली, शाळा उघडल्या नाहीत. तीन लाखांहून जास्त मुलांसाठी रेडिओवरून पाव-पाव तासाचे धडे सुरू झाले, वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं. कल्पना झकास! पण ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा आवाज नीट येत नव्हता, ती मुलं बाहेरच राहिली. रेडिओच्या जागी मोबाइल ठेवा, गोष्ट तीच.

आता आपल्याच जिल्ह्यातला दाखला. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे. कोरोनाच्या भीतीने अलीगट आणि दादर या पाड्यांवरची माणसं अंगणवाडीत यायची थांबली. बाईंनी मच्छीमाराकडून होडी घेतली आणि एप्रिल २०२० पासून नर्मदेच्या पाण्यात स्वतः वल्हं मारत १८ किलोमीटर जाऊ लागल्या, आठवड्यातले पाच दिवस. कशासाठी? पंचवीसेक बाळं आणि सात गरोदर बायांना पोषण आहार आणि तपासणी मिळावी म्हणून. माणूस दारापर्यंत येत नसेल तर आपण त्याच्या दारी जायचं, एवढाच त्यांचा हिशेब. त्या होडीत आहारासोबत दहा गोष्टींची पुस्तकं ठेवायला कितीशी जागा लागली असती? बाईंच्या अंगावर आणखी काम टाका असं मी म्हणत नाहीये. पण आहाराची वाट त्यांनी शोधली, तशी पुस्तकाची वाट शोधायचं काम कुणाचं होतं, हा प्रश्न विचारावाच लागेल.

कारण आपल्याकडे यंत्रणा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली गावोगावची वाचनालयं अ, ब, क, ड वर्गात मान्यता आणि अनुदान घेतात. म्हणजे साथ येईपर्यंत थांबायची गरजच नाही. फेब्रुवारीतच तीन गोष्टी ठरवता येतात.

एक, पेट्या. प्रत्येक पाड्याला वीस-पंचवीस पुस्तकं. मोठं टायपिंग, चित्रं भरपूर, आणि शक्य तिथे मुलांच्या घरच्या बोलीतली.

दोन, माणूस. पेटी सांभाळणारा पाड्यातलाच हवा. बारावी झालेली ताई किंवा सुट्टीला आलेला कॉलेजातला दादा. गोष्ट मोठ्याने वाचायची, अंगणात, लांब-लांब बसवून.

तीन, वेळ. मे महिन्यात इथलं घरदार आमचूरच्या कामात असतं. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, वाळवायच्या, आणि पोरंही त्यात हात लावतात. तेव्हा सकाळी अकराचा 'वाचन वर्ग' ठेवला तर येणार कोण? संध्याकाळी काप गोळा करून झाल्यावर ठेवा, सगळे येतील.

साथ पुन्हा कधी येईल ते कुणाच्याच हातात नाही. पण उन्हाळा दरवर्षी येतो, आणि साथ नसली तरी धडगावच्या पाड्यावरच्या पोराला वाचनालय लांबच असतं. त्याच्यासाठी पेटी तयार असेल तर ती दर सुट्टीत कामाची आहे.

तुमच्या घरी लहानपणीची गोष्टींची पुस्तकं धूळ खात पडली असतील, तर या रविवारी बाहेर काढा आणि एका खोक्यात भरा. कुणाच्या पाड्यावर पाठवायची ते आपल्या ओळखीत विचारा. आणि फोन जरा वेळ बाजूला ठेवून शेजारच्या पोराला एक गोष्ट वाचून दाखवा.

भेटू पुढच्या भागात. जय खान्देश!