अंगणांतील रंग

सुट्टीच्या दिवसांत मुलांच्या हातीं रंग पडले म्हणजे घरांतील वडील माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं हें फरशीवरून निघेल ना? प्रश्न रास्त आहे. पण तो फारसा जुना नाहीं. आमच्या आज्यांना व पणज्यांना तो पडलाच नसावा. ज्या जमिनीवर त्या रेघा ओढीत ती शेणानें सारवलेली असे, आणि दोन-चार दिवसांनीं पुनः सारवण व्हावयाचेंच असे. काल काढलेलें कमळ, त्याच्या पाकळ्यांत भरलेली हळद, हातून चुकून सांडलेलें कुंकू, सारें कांहीं त्या एका हाताखालीं गडप होई. डाग राहण्यास जागाच नव्हती. रंग धुतला गेला पाहिजे ही अट आपल्या घरांत आणली ती दगडी व सिमेंटच्या फरशीनें. आपल्या देशांत पोरबंदरास 1914 सालीं सिमेंट निघूं लागलें. पुढें तें अंगणापर्यंत पोहोंचलें, सारवण सुटलें, आणि जमीन एकदां घातली कीं जन्मभराची झाली. मग तिच्यावर काय सांडतें याची काळजी सुरू झाली.

भूमीवर चित्र काढण्याची हौस मात्र फार प्राचीन. वात्स्यायनाच्या कामसूत्रांतील चौसष्ट कलांच्या यादींत तांदूळ व फुलें यांच्या रचनेस स्वतंत्र स्थान आहे. कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मानसोल्लास नांवाचा कोशवजा ग्रंथ रचला. त्यांत चित्रांचे प्रकार सांगतांना कोरड्या चूर्णांनीं काढलेलें तें धूलिचित्र, व पातळ केलेल्या रंगांनीं काढलेलें तें रसचित्र, असा भेद केला आहे. हा भेद आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. कारण महाराष्ट्र धूलिचित्राच्या वाटेनें गेला. शुभ्र दगडाची पूड, कोंकणांत भाताच्या तुसाची पांढरी राख, यांची चिमूट आंगठा व तर्जनी यांमधून सोडून आमच्या बायकांनीं चैत्रांगण रेखाटलें, आणि संस्कृत रंगवल्लीची रांगोळी झाली. बंगालनें दुसरी वाट धरली.

बंगाली आलपना ही ओल्या रंगाची. तांदूळ भिजवून वाटावयाचे, पाण्यांत कालवावयाचे, त्यांत चिंधी बुडवून मुठींत धरावयाची, आणि बोटावरून ओघळणाऱ्या धारेनें वेली व लक्ष्मीचीं पाउलें काढावयाचीं. अवनींद्रनाथ ठाकुरांनीं 1919 सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘बांगलार व्रत’ या पुस्तकांत ह्या कलेचा फार सहृदय विचार केला आहे. तेथील कित्येक व्रतें कुमारिकांचीं. म्हणजे ज्याला आज मुलांचा अंगणांतील रंग म्हणून नवलाईनें सांगतात, तो खेड्यांतल्या लहान मुली पिढ्यान् पिढ्या स्वतः वाटीत व वापरीत आल्या आहेत. पुढें शांतिनिकेतनांतील कलाभवनानें त्या आलपनेस अभ्यासक्रमांत मानाचें स्थान दिलें. तामिळ प्रांतांतील कोलमही मुळांत तांदळाच्या पिठाचेंच. त्यावर मुंग्या-पाखरांचा हक्क असतो असें तिकडे मानतात.

ह्या पिठाच्या रंगाची करामत साधी आहे. कच्च्या पिठांतील सत्त्वाचे कण थंड पाण्यांत विरघळत नाहींत. ते नुसते तरंगत राहतात. पाणी उडून गेलें कीं त्यांचा पांढरा थर जमिनीवर बसतो, पण तो चिकटत नाहीं. तांब्याभर पाणी ओतलें कीं निघाला. तेंच पीठ उकळलें तर त्याची खळ होते, आणि खळ काय करते हें धोतराला कांजी देणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. आमच्या ठाणें-पालघरच्या वारली चित्रांतही तांदळाचेंच पीठ आहे. परंतु तें भिंतीवर टिकावयाचें म्हणून त्यांत डिंक घालतात. भिंतीला डिंक आणि जमिनीला नुसतें पाणी, एवढ्यांत सारें शास्त्र आलें.

आतां रंगांविषयीं. जुनें तें सारें निर्मळ व निरुपद्रवी, आणि विष काय तें नव्या कारखान्यांतून आलें, असें म्हणण्याची आजकाल एक रीत पडली आहे. ती आम्हांस पटत नाहीं. आमच्या जुन्या चित्रकारांचा तेजस्वी पिवळा रंग हरताळाचा, आणि हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचा संयोग. पोथींतील चुकलेल्या अक्षरांवर तो फांसून लेखक ती पुसून टाकीत. त्यावरूनच हरताळ फांसणें हा वाक्प्रचार निघाला. तांबडा हिंगूळ हा पाऱ्याचा आणि शेंदूर शिशाचा. शिसें पोटांत गेलें तर लहान मुलाच्या मेंदूस कायमची इजा होते, हें आज निर्विवाद ठरलेलें आहे. शेंदुराची पुडी घरांतल्याच देवघरांतली, म्हणून ती पोराच्या हातीं द्यावयाची काय?

नव्याचाही पाड तसाच. 1856 सालीं विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यास कोयनेलासारखें औषध बनवितांना डांबरजन्य द्रव्यापासून जांभळा रंग सांपडला, आणि पुढच्या 40 वर्षांत जर्मन कारखान्यांनीं रंगांचा बाजारच बदलून टाकला. 1897 सालीं कृत्रिम नीळ विक्रीस आली. होळींतील पळसाचें पाणी मागें पडलें. हे रंग पाण्यांत विरघळतात, पाण्याबरोबर सिमेंटच्या छिद्रांत शिरतात, आणि आठ-आठ दिवस हटत नाहींत. रंगपंचमीनंतरच्या चौकाची आठवण वाचकांनींच करावी.

यास्तव मुलांसाठीं घरीं रंग करावयाचा तर तो आलपनेच्या वळणाचा असावा. तांदळाचें अथवा मक्याचें बारीक पीठ, तितकेंच थंड पाणी, आणि खाण्याच्या रंगाचे चार थेंब. हे खाण्याचे रंगही बहुशः कारखान्यांतलेच, पण त्यांची शुद्धता कायद्यानें तपासली जाते, हा फरक लहान नाहीं. रंग जितका थोडा तितका डाग कमी. पीठ तळाशीं बसतें म्हणून मधून मधून ढवळीत जावें. पुष्कळ मुलें ह्या ढवळण्यांतच इतकीं रमतात कीं चित्राचें विसरून जातात.

हळदीविषयीं दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. हळद घरची, पण सुटी पूड कोणाची याची खात्री असावी. पिवळेपणासाठीं तींत शिशाचें क्रोमेट मिसळल्याचे प्रकार बांगलादेशांत उघडकीस आलेले आहेत. चांगल्या हळदीच्या पाण्यांत चुन्याची निवळी पडली कीं तें लाल होतें, आणि हा चमत्कार पाहून मुलें हरखून जातात. चुना मात्र त्यांच्या हातीं देऊं नये, तो डोळ्यांस घातक आहे. आम्हीं एकदां घराच्या पायरीवर मुलांकडून हळदीचा मोठा सूर्य काढविला. तो धुतां धुतां निघेना, घासूनही निघेना, आणि घरांतून आम्हांस बोल ऐकावे लागले. पण पायरीवर दुपारचें ऊन येत असे, आणि हळदीचा रंग उन्हापुढें तग धरीत नाहीं. तीन-चार दिवसांत काढलेला सूर्य खऱ्या सूर्यानेंच खाऊन टाकला. मुलें रोज दुपारीं किती उरला तें पाहून येत.